डावा कान

तौफिक सुट्टीवर आला तेव्हा दुकानात
सहा भोपळे आढ्याला टांगलेले होते, आणि एक तंबोरा
– पुण्याच्या बाईंचा, सोमवारी न्यायचा –
जवारीला अडला होता.

तीन दिवस घासत होतो. घोडीवर कानस एकदा जास्त फिरली
की सूर बसतो. कमी फिरली तर उघडत नाही.
म्हटलं, बस जरा, ऐक.
लहानपणी हा पाठमोरा बसून, मांजा गुंडाळता गुंडाळता सांगायचा,
अब्बा, खर्जाचा दोरा केसभर मागं.
आता उजवा कान पुढं करून बसला.
आणि डावा?
तो सरकारजमा, म्हणाला.

रॉकेटं तो सोडत नाही. सोडणारे वेगळे.
तो ट्रक चालवतो.
ट्रकच्या पाठीवर बारा नळ्या, सहा-सहाच्या दोन पेट्या.
जागेवर पोचलं की ट्रक लोखंडी पाय टेकतो,
तुम्ही भोपळा चुंबळीवर ठेवता तसा, हलायला नको म्हणून.
मग काचांवर पोलादी झापडं.
मग चव्वेचाळीस सेकंद.

आवाज कसा असतो रे?
(मला दुसरं काय विचारता येणार.)

चहावर साय धरली तोवर तो गप्प.
मग म्हणाला, आवाज नाही तो.
आपण भोपळ्याच्या आत बसलोय
आणि बाहेरून कुणीतरी भोपळा फाडतंय. बारा वेळा.
मोजत राहायचं. बारावं गेलं की पाय वर, गिअर, पळ.
आपला धूर बघून समोरचा आपल्यावर टाकतो,
त्याचं येईपर्यंत तिथं
चाकांच्या खुणा तेवढ्या उरायला पाहिजेत.

जातं किती लांब?
सदतीस-अडतीस किलोमीटर.

मी मनातल्या मनात मिरजेपासून अंतर टाकलं.
कवठे महांकाळच्या पलीकडं.
थोरली तिथंच दिलीय.

पडलेलं बघितलंस कधी?
आम्ही निघालेलो असतो, अब्बा.

नाव विचारलं तर म्हणाला, पिनाक.
महादेवाचं धनुष्य ते, एवढं मलाही ठाऊक.
पण माझ्या आजोबांनी एक पिनाकी दुरुस्त केली होती,
वीणेच्याच जातीतली, एका तारेची, कमानीनं वाजणारी.
म्हातारं माणूस झोपेत कण्हतं तसा आवाज होता म्हणे तिचा.
गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाही न्यायला.
मग ती कुठं गेली, कुणी सांगत नाही.

आणि त्या आजोबांचे आजोबा
मिरजेच्या किल्ल्यात तलवारींना धार लावायचे.
शिकलगार आम्ही. तलवारी संपल्या,
तेव्हा त्याच हातांनी तारांकडं वळलो.
हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो,
लोक माना डोलावतात, फोटो काढतात.
तौफिकसमोर या खेपेला काढलं नाही.

संध्याकाळी त्यानं आपण होऊन तंबोरा जवळ ओढला.
हनुवटी भोपळ्यावर टेकवली, डोळे मिटले,
एका बोटानं चारी तारा छेडल्या.
हाडातून ऐकत असावा.
बराच वेळ.
मग म्हणाला, आता आहे.

नव्हती.
जोडीच्या दुसऱ्या तारेला अजून कोरड होती,
ऊस खाल्ल्यावर जिभेला येते तसली.
मी म्हटलं, हो, आता आहे.
जैबुननं स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघितलं,
तिलाही कळलं होतं.

रात्री दुकानातच अंथरूण टाकलं त्यानं, थंड फरशी लागते म्हणून.
उजवा कान उशीत दाबून झोपला,
डावा वर, छताकडं उघडा.
मी दिवा खाली घेतला, दोरा केसभर सरकवला,
छेडलं. पुन्हा सरकवला. पुन्हा छेडलं.
दोन हातांवर झोपलेला माणूस, उठला नाही.

दीडच्या सुमाराला जवारी उघडली,
भोपळा भरला, फरशी गुणगुणली,
आणि चादरीतून त्याचा डावा पाय
हळूच खाली दाबला गेला,
क्लचवर असल्यासारखा.